उझ्माचा जाणता टायर

संगमनेरात नाशिक-पुणे रस्त्याला दिलावरभाईंचं टायरचं दुकान कुठे, असं कुणी विचारलं की लोक पत्ता सांगत बसत नाहीत, नुसता हात करतात. लांबूनच दिसतं ते. बाहेर जुन्या टायरांचे ढीग, आत तापल्या रबराचा वास, आणि त्या वासातच लहानाची मोठी झालेली त्यांची लेक उझ्मा. आता तिला डॉक्टर म्हणायचं. सुया टोचणारी नव्हे हो, पीएचडीवाली! तरी गल्लीतल्या बायका तिला अडवून गुडघेदुखीवर गोळी विचारतात, आणि ती हसून सांगते, "मी टायरची डॉक्टर आहे." बायकांना ते पटत नाही. टायरला कशाला लागतोय डॉक्टर?

कशाला लागतो, तेच तर सांगतोय. जरा दम धरा.

उझ्मा सहा-सात वर्षांची असेल. शाळा सुटली की दप्तर घेऊन सरळ दुकानात. ट्रकच्या टायरमध्ये पाय दुमडून बसायचं आणि पाढे म्हणायचे. एक दिवस दिलावरभाईंनी गंमत म्हणून फरशीवर उभ्या भरलेल्या ट्रकच्या चाकाभोवती, ट्यूबला लावतात ती शंखजिऱ्याची पांढरी पूड पसरली आणि ट्रक हळूच पुढे घेतला. टायर टेकला होता तेवढीच कोरी खूण मागे राहिली. "बघ बेटा," ते म्हणाले, "एवढी मोठी गाडी, एवढा माल, आणि एकेक चाक जमिनीला टेकतं ते एवढ्याशाच जागेवर."

उझ्मानं त्या खुणेवर आपला पंजा ठेवून पाहिला. दोन-तीन पंजांत संपली की जागा! पोरगी डोळे फाडून त्या डोंगराएवढ्या ट्रककडे बघत राहिली. मग विचारलं, "अब्बा, टायरला दुखत असेल?"

दिलावरभाई पोट धरून हसले. "दुखत असेलही. पण तो सांगणार कसा?"

झालं! बाप बोलून गेला आणि विसरला. पोरगी विसरली नाही. शाळा झाली, इंजिनीअरिंग झालं, मैत्रिणी पुण्याला नोकऱ्यांना लागल्या, नात्यातल्या बायका लग्नाचं विचारून विचारून थकल्या, आणि ही पुन्हा संगमनेरच्या कॉलेजात संशोधनाला बसली. विषय काय, तर टायरला बोलतं करायचं.

तिच्या मार्गदर्शक धनश्री मॅडम. बोलायला कडक, मनानं लोणी. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "उझ्मा, टायरच्या आत तार घातलीस तर तार तुटेल. चिप चिकटवलीस तर निघून येईल. टायर क्षणाक्षणाला चपटा होतो आणि पुन्हा गोल होतो. त्याच्याबरोबर ताणलं जाईल असं काहीतरी हवं."

मग तिनं ते छापायचं ठरवलं. हो, छापायचं! रबराच्या पातळ पट्टीवर चांदीच्या शाईनं एक नागमोडी रेघ. खरी चांदी बरं का, बारीक दळून शाईत कालवलेली. पट्टी टायरच्या आतल्या अंगाला चिकटवायची. टायर दबला की पट्टी ताणते, पट्टी ताणली की रेघ लांबते आणि बारीक होते, आणि बारीक रेघेतून वीज जरा अडखळत जाते. ते अडखळणं मोजलं की टायरवर किती भार आहे ते कळलं. ऐकायला कसं सोपं वाटतं! पण छपाई काही जमेना. कुठे रेघ फुटायची, कुठे शाई पसरायची.

शेवटी ती गेली बाजारपेठेत भागवतकाकांच्या छापखान्यात. तिथे लग्नपत्रिका छापतात, चौकटीत ताणलेल्या बारीक जाळीतून शाई ओढून. भागवतकाकांना वाटलं, पोरीचं ठरलं! त्यांनी चहा सांगितला, गणपती नको म्हणून चांदताऱ्याचे नमुनेही काढले. तिनं रबराची पट्टी पुढे ठेवली तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. पण गडी मनापासून भिडला. मॅडमनी जाळी सुचवायची, उझ्मानं शाई पातळ-घट्ट करायची आणि काकांनी हात मारायचा, असं करता करता एका दुपारी पट्टी उलटी-सुलटी वाकवली तरी रेघ फुटली नाही. तिघांनी ती खिडकीशी धरून पाहिली. केसाएवढी बारीक रेघ उन्हात चमचमत होती. भागवतकाका हळूच म्हणाले, "एवढं नाजूक काम आपल्या मशिनीवर झालं?" आणि स्वतःच्याच हाताकडे बघत राहिले.

प्रयोगशाळेत पट्टी झकास चालली. दाबली की पडद्यावरची रेघ वर, सोडली की खाली. आता खऱ्या रस्त्याची पाळी होती.

त्यासाठी उझ्मानं निवडला कानिफनाथचा दुधाचा टेम्पो. तिची अक्कल बघा. टेम्पो सकाळी रिकामा डोंगराकडे जातो आणि येताना वाडीवाडीला दुधाचे कॅन भरत येतो. म्हणजे थांब्याथांब्याला वजन वाढणार, आणि टायरनं ते सांगितलं पाहिजे. कानिफनाथ दिलावरभाईंचं जुनं गिऱ्हाईक. लगेच तयार झाला. दिलावरभाईंनी स्वतःच्या हातानं मागच्या डाव्या चाकाचा टायर खोलला, उझ्मानं आत पट्टी चिकटवली, चाकाच्या लोखंडी डिस्कला काड्यापेटीएवढी डबी बसवली. डबीनं ड्रायव्हरच्या मोबाईलला सांगायचं आणि मोबाईलनं कॉलेजातल्या पडद्याला. उझ्मानं कानिफनाथला हात जोडून सांगितलं, "दादा, या टायरमध्ये माझी अख्खी पीएचडी आहे."

बस्स. या एका वाक्यानं घात केला!

कारण पुढे पडद्यावर काय यायला लागलं? काहीच नाही. चाक फिरल्याचे ठोके नाहीत, कॅन चढल्याच्या पायऱ्या नाहीत. नुसती एक संथ रेघ, सकाळी वर चढायची, दुपारी शिगेला टेकायची, संध्याकाळी उतरायची. उझ्मा रोज बघायची आणि तारखेसकट वहीत तसंच लिहून ठेवायची. शेवटी धनश्री मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पट्टी मेलेली नाही, उझ्मा. पण तिला फक्त ऊन कळतंय. वजन कळत नाहीये. गरम झालं तरी चांदीच्या रेघेत वीज अडखळते, ते आपल्याला माहीत होतं. पण वजन अजिबातच कळत नसेल तर..." त्या थांबल्या. "पुढच्या महिन्यात पुण्याहून तज्ज्ञ येतायत. तेव्हा वजन आणि ऊन वेगळं करून दाखवता आलं नाही, तर विषय बदलावा लागेल. पहिल्यापासून सगळं."

इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात! उझ्मा घरी येऊन जुन्या वह्या चाळत बसली. अम्मीनं ताट वाढलं, ते तसंच राहिलं. दिलावरभाई एवढंच म्हणाले, "बेटा, एकदा गाडी तरी बघून ये."

ती डेअरीवर गेली. टेम्पो कॅन उतरवत उभा होता. उझ्मा मागच्या डाव्या चाकाशी वाकली आणि बघतच राहिली. तिथे घासून गुळगुळीत झालेला जुनाच टायर होता.

"कानिफदादा! माझा टायर कुठाय?"

कानिफनाथचा चेहरा असा खुलला म्हणता! "एकदम सेफ हाय, ताई!" तो म्हणाला आणि टेम्पोच्या पोटाखाली बोट केलं. तिथे स्टेपनीच्या जागी, चेनला लटकलेला, उझ्माचा टायर. दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार सुकून त्याला चिकटला होता, आणि हळदी-कुंकवाची बोटं.

"आवो, त्यात तुमची पीएचडी हाय म्हनला तुमी! मी काय ती डोंगरातल्या दगडगोट्यावर घालू? त्याच दिशी काढला न् खाली टांगला. रोज पुसतो बी!"

उझ्माला हसावं का रडावं कळेना. आधी ती रडली, मग चिडली, मग तिथेच एका उलट्या कॅनवर बसून डोक्याला हात लावला. ज्यानं मार खायचा, ओझं सोसायचं, त्यालाच या भल्या माणसानं देवासारखा पूजून ठेवला होता! कानिफनाथ बावरून गेला. "माझं काय चुकलं का, ताई?"

आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती ताडकन उठली. अरे, हा टायर त्याच गाडीखाली, त्याच रस्त्यानं, त्याच उन्हातून गेला. फक्त ओझं त्यानं वाहिलं नाही. म्हणजे ती संथ रेघ होती ती निव्वळ उन्हाची! भेसळ नाही, काही नाही. तशीच दुसरी पट्टी चाकावर लावली, आणि तिच्या रेघेतून स्टेपनीची रेघ वजा केली, तर मागे उरेल काय? फक्त वजन!

तिनं धनश्री मॅडमना तिथूनच फोन लावला. पलीकडून मॅडमनी सगळं दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या माणसाला माझ्यातर्फे पेढे दे."

आठवड्याभरात दुसरी पट्टी छापून चाकात बसली. स्टेपनीचा टायर हारासकट तिथेच ठेवला. आणि पहिल्याच सकाळी, काय सांगू तुम्हाला! पडद्यावर चाकाचे ठोके टपटप पडायला लागले. वजाबाकी केल्यावर मागे उरल्या स्वच्छ पायऱ्या. खंडेवाडीला एक पायरी, चिंचमळ्याला दोन, पिंपळदऱ्याला चांगली उंच. शेवटची वाडी झाली की ती पडदा मिटायची, पुढचा रस्ता तिनं कधी पाहिलाच नाही. संगमनेरात खुर्चीवर बसून उझ्मा डोंगरातल्या वाड्यांचं दूध मोजत होती! दिलावरभाईंना तिनं कॉलेजात नेऊन दाखवलं. सगळं आयुष्य टायरशी कुस्ती केलेला तो माणूस पडद्यासमोर उभा राहिला, आणि टोपी काढून हातात घेतली. "या अल्ला," ते म्हणाले. "हा बिचारा इतकी वर्षं सगळं सोसत होता, आणि आपल्याला ऐकू येत नव्हतं." उझ्माच्या डोळ्यांना धारा लागल्या.

पण खरी परीक्षा पुढेच होती.

पुण्याचे तज्ज्ञ आले. माणूस सज्जन, पण पक्का. ते म्हणाले, "रोजचं दूध तुम्हाला तोंडपाठ असणार. आज मी सांगेन तसं." त्यांनी आदल्या दिवशीच कानिफनाथला बाजूला घेऊन सांगून ठेवलं होतं: कॅन नेहमीसारखे घ्यायचे नाहीत, कमीजास्त करायचे, आणि कुठे किती चढवले ते फक्त मला फोनवर सांगायचं. आज गाडीत कॅनशिवाय काही नको. मग ते उझ्माशेजारी खुर्ची ओढून बसले. मागे धनश्री मॅडम आणि दाराशी दिलावरभाई. तज्ज्ञांच्या हातात मोबाईल, उझ्माच्या पुढे पडदा.

पहिली पायरी आली. "खंडेवाडी, तीन कॅन," उझ्मा म्हणाली. तज्ज्ञांनी फोनवर विचारलं आणि मान हलवली. दुसरी पायरी. "चिंचमळा, एकच." बरोबर! मॅडम खुर्चीच्या कडेवर आल्या. पिंपळदऱ्याला मोबाईलला रेंज नसते. पडदा गप्प झाला. गाडी खिंड उतरली आणि साठलेलं सगळं भसकन आलं.

उझ्मानं पाहिलं आणि तिच्या कपाळावर आठी चढली. "चार कॅन," ती म्हणाली. "आणि वर काहीतरी आहे. कॅनपेक्षा थोडं कमी."

तज्ज्ञांनी फोन लावला. "चारच," ते म्हणाले. "चार भरलेले. वर काही नाही."

"आहे, सर."

"ड्रायव्हर नाही म्हणतोय."

तेवढ्यात गाडी संगमनेरबाहेरच्या नाक्यावर थांबली, आणि पडद्यावरची रेघ तेवढीच खाली आली. तज्ज्ञांनी सुस्कारा सोडला. "हे बघा, दुधाचे कॅन मध्येच उतरून जात नाहीत. तुमची पट्टी भरकटतेय. उन्हाचा घोळ पुन्हा आलाय."

क्षणभर उझ्माला वाटलं, मान्य करून मोकळं व्हावं. मोठा माणूस सांगतोय, ड्रायव्हर सांगतोय, आपण कोण? तिनं स्टेपनीची रेघ उघडली. ती शांत होती, जराही हललेली नव्हती. झेंडूचा सुका हार गळ्यात घालून तो टायर गाडीच्या पोटाखालून तिच्या बाजूनं साक्ष देत होता.

"सर, हे ऊन नाही," ती म्हणाली. "पिंपळदऱ्याला काहीतरी चढलं आणि नाक्यावर उतरलं. कोण काय म्हणतं ते मला माहीत नाही. टायर खोटं बोलणार नाही."

कानिफनाथला बोलावून घेतलं. तो आला तो मान खाली घालून. तज्ज्ञांनी विचारलं, "पिंपळदऱ्याला कॅनशिवाय काय घेतलं होतं?"

"काय न्हाई, सायेब."

"नक्की?"

"नक्की." पण त्याची नजर उझ्माकडे गेली. पोरीचा चेहरा पांढरा पडला होता. दाराशी दिलावरभाई टोपी मुरगाळत उभे. कानिफनाथनं दोन्ही हात कानांना लावले. "सायेब, ताईची काय चूक न्हाई वो! मीच खोटं बोललो. गोजरबाई हुती गाडीत."

"कोण गोजरबाई?"

मग सगळं बाहेर आलं. पिंपळदऱ्याची गोजरबाई, एकटी म्हातारी. मेथी-शेपूच्या जुड्यांची टोपली घेऊन रोज त्याच्या टेम्पोत मागे बसायची आणि नाक्यावर उतरून विकायची. मालाच्या गाडीत माणूस घेऊ नये, हे कानिफनाथला ठाऊक होतं. पण आता सत्तरीच्या बाईला रस्त्यात सोडून कोण जाणार? त्यातून आज 'कॅनशिवाय काही नको' असं बजावलेलं. म्हातारी नेहमीसारखी येऊन उभी राहिली, नाही म्हणवेना. आणि खरं सांगितलं तर ताईची परीक्षा बाद होईल, या भीतीनं तो गप्प बसला. पुन्हा एकदा या गड्यानं तिचं भलं करायच्या नादात तिला बुडवलंच होतं!

"ती बसते कुठे?" उझ्मानं विचारलं.

"कायम डाव्या कोपऱ्यात. चाकावर जो उंचवटा हाय ना, त्येच्यावर. तितं दोरीला धरता येतं."

तज्ज्ञ उठले. "चला, टेम्पो घेऊन नाक्यावर."

गोजरबाई पोतं अंथरून जुड्या मांडून बसली होती. एवढी माणसं अंगावर आलेली बघून तिला वाटलं, कानिफनाथला पोलिसांनी धरलं. "त्येला काय करू नका बाबांनो, मीच बळंच बसले!" ती ओरडली. तिची समजूत घालता घालता मॅडमना घाम फुटला. मग उझ्मानं टेम्पोच्या फळीवर लॅपटॉप ठेवला, म्हातारीला हात देऊन वर चढवलं आणि डाव्या कोपऱ्यात बसवलं. उभ्या गाडीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, रेघ वर गेली. जुड्या भरून टोपली मांडीवर दिली, आणखी चिमूटभर वर. टोपली काढली, तेवढीच खाली. म्हातारी उतरली आणि रेघ पहिल्या जागी येऊन बसली.

नाक्यावर खाली आलेली ती पायरी आणि टोपलीसकट म्हातारीची ही पायरी तज्ज्ञांनी एकाखाली एक लावून पाहिल्या. सारख्याच उंचीच्या. मग वाकून त्यांनी त्या मळक्या टायरवर हात ठेवला. "मी विश्वास ठेवायला उशीर केला," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणायची सवय करून घ्या, उझ्मा." धनश्री मॅडमनी सगळ्यांदेखत तिला मिठी मारली. दिलावरभाईंनी कानिफनाथच्याच गळ्यात हात टाकला.

या सगळ्या गडबडीत गोजरबाई तशीच उभी होती. तिनं उझ्माचा दंड धरला.

"पोरी, मी चढले ते ह्या चाकाला कळलं?"

"कळलं, आजी."

"न् उतरले ते बी?"

"ते पण."

म्हातारी चाकाकडे बघत राहिली. "आमचं मानूस गेल्यापास्नं मी कवा आले, कवा गेले, कुनाला म्हायती नसतं बघ. दाराला कडी लावते न् निघते, कडी काढते न् आत जाते." मग जरा थांबून तिनं विचारलं, "मंग उद्या मी न्हाई आले, तर?"

उझ्मानं त्या सुरकुतल्या हातावर आपला हात ठेवला.

"तेही कळेल, आजी. मी लगेच कानिफदादांना फोन करीन."

"मंग बरं हाय," गोजरबाई म्हणाली, आणि पोत्यावर बसून तिनं मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडलं.